झाकली मूठ

चित्रकथेतला वादळवीर गुंडांच्या अख्ख्या टोळ्या लोळवायचा, पण एकट्या उजव्या हाताने. डावा हात कायम पाठीमागे. वाचकांनी या युद्धकलेचं नाव पाडलं 'झाकली मूठ', आणि तोवर साधं कराटे शिकवणाऱ्या चित्रकाराच्या मेहुण्याने लगेच तिचे वर्ग काढले. ते असे काही चालले की गल्लीतली पोरं, त्यांचे बाप, कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टरसुद्धा डावा हात पाठीशी धरून हिंडू लागले.

खरी गोष्ट फक्त चित्रकाराच्या बायकोला ठाऊक होती. नवऱ्याला डावा हात काढताच यायचा नाही.

शेवटी संपादक हटून बसले. "पुढच्या अंकात मूठ उघडलीच पाहिजे. नाहीतर चित्रकथा बंद."

"मग बंद पडू दे," बायको म्हणाली. "अहो, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पण वादळवीरावर त्याचा जीव. खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली, तेव्हा कुठे तो हात झाला. बोटं पुन्हा बघायचं धाडस न करता त्याने पान तसंच पाठवून दिलं.

अंक आला त्या संध्याकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, मानलं तुम्हाला! एवढं मोठं रहस्य इतकी वर्षं पोटात ठेवलंत! वर्गात नुसता जल्लोष चाललाय. फक्त एक अडचण आहे."

"कसली?"



"आमच्याकडे सगळ्यांना पाचच बोटं आहेत."