दिवेलागणीपर्यंत

“कागद बायकोच्याच हातात द्यायचा असतो, आक्का. तसा नियम आहे,” सयाजी हवालदार दबक्या आवाजात म्हणाले.

राहीबाईंनी दाराच्या चौकटीला हात आडवा धरला होता. सैनिक कल्याण कार्यालयाचा हा माणूस गेल्या महिन्यात आला होता तो हसत, सुनेचा क्वार्टरचा अर्ज भरून घ्यायला. आज त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. “माझा बाजीराव?” एवढंच राहीबाईंनी विचारलं होतं, आणि हवालदारांनी मान खाली घातली होती.

आतून बांगड्या वाजल्या. सून मोनाली आरशापुढं होती. वैशाखात लग्न झालेलं, त्यामुळं यंदाची तिची पहिली संक्रांत. चार वाजता तळवलीच्या देवळाच्या हॉलात जवानांच्या बायकांचं हळदीकुंकू होतं.

“हॉलात कुणाला ठाऊक हाय?”

“कुणालाच नाही. मीच पहिला आलोय.”

“मग दिवेलागणीपर्यंत थांबा, भाऊ. पोरीचं पहिलं हळदीकुंकू हाय.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “आनी शेवटचं.”

“आक्का, तुम्ही आई आहात त्याची.”

“म्हनून तर तुमच्यापुढं पदर पसरते.”

हवालदारांनी त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं. मग लिफाफा खिशात घातला आणि आत येऊन सतरंजीवर बसले.

मोनाली बाहेर आली. काळी चंद्रकळा, केसांत अबोलीचा गजरा, हातांत हलव्याच्या बांगड्या. पंधरा दिवस शेगडीपुढं बसून, तिळावर थेंब थेंब पाक घालत राहीबाईंनी तो हलवा फुलवला होता.

“अगंबाई, काका! क्वार्टर मिळालं का हो?”

“संध्याकाळी बोलू, ताई. तुम्ही जाऊन या.”

“म्हणजे मिळालं!” ती राहीबाईंकडं वळली. “आत्या, गाठोडं बांधायला घ्या. हे पत्रात लिहितात, तिकडं सफरचंदं झाडावरून तोडून खायची. तुमची कवळी टिकंल ना?”

“टिकंल की,” राहीबाई म्हणाल्या.

“काका, उखाणा ऐका बरं. हॉलात विसरले तर मालतीबाई वर्षभर चिडवतील.” तिनं पदर सावरला, डोळे मिटले.

“तिळात मिसळला गूळ ताजा,
बाजीरावांचं नाव घेते, पहाऱ्यावर आहे माझा राजा.”

हवालदारांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. “छान आहे,” ते म्हणाले.

“आत्या, हे तेवढं मागून बांधा.” तिनं हलव्याचं मंगळसूत्र पुढं केलं. असल्या कामाला राहीबाई कधी हात लावत नसत. शेजारच्या विमलबाईंना हाक मारत. आज त्यांनी दोरा हातात घेतला. एक गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. मग तिसरी.

“आत्या, सुटायचं नाही आता ते!” मोनाली हसली आणि वाकली. सून पाया पडली की ‘अखंड सौभाग्यवती हो’ म्हणायचं, हे राहीबाईंचं रोजचं होतं. त्यांनी वाकलेल्या मोनालीचे खांदे मधेच धरले.

“आल्यावर पड पाया. उशीर होतोय बघ.”

ती गेली. जिन्यावर चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

राहीबाई देव्हाऱ्यापुढं जाऊन बसल्या. पदराचा बोळा करून त्यांनी तोंडात धरला होता, कारण भिंत पातळ होती आणि पलीकडं विमलबाई रेडिओ ऐकत होत्या. खांदे तेवढे हलत होते. असा किती वेळ गेला, हवालदारांनी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी ते उठले, माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले.

“घोटभर घ्या, आक्का.”

राहीबाईंनी मान हलवली. पोरगा सीमेवर गेल्यापासून त्यांचं व्रत होतं. दुपारच्या भाकरीनंतर, सांजेला देवापुढं दिवा लागेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

“दिवा लागायचाय अजून.”

“आता कशासाठी ते?”

“ती घरात येईपर्यंत तो हाय, भाऊ.”

हवालदार तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, फिकं झालं, गेलं. राहीबाईंनी वात वळून निरांजनात ठेवली, तेल घातलं. काड्यापेटी हातात घेतली आणि तशीच धरून बसल्या. आजूबाजूच्या घरांतून एकेक दिवा लागत गेला. रेडिओ बंद झाला.

जिन्यात हसण्याचा आवाज आला. मोनाली दारात उभी राहिली. कपाळ कुंकवानं माखलेलं, ओटीत तिळगूळ आणि स्टीलची डबी.

“सगळ्यांत पहिली ओटी माझी भरली! मालतीबाई म्हणाल्या, पहिल्या संक्रांतीचा मान.” अंधारात तिला आधी काही दिसेना. “आत्या? दिवा नाही लावला अजून? अन् काका, तुम्ही इथंच?”

हवालदार उभे राहिले. त्यांचा हात खिशाकडं गेला.

“थांबा हं, काका. आत्यांच्या पाया पडायचं राहिलंय.”

डबी खाली ठेवून ती वाकली. राहीबाईंनी दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले.