जोत्यावर

त्सुनामीत घर वाहून गेलं, त्याला आता तेरा वर्षं झाली होती. गवतात नुसतं जोतं उरलं होतं. मेलबर्नहून आलेल्या ब्रायोनीने जोत्यावर कॅमेऱ्याचा स्टँड मांडला आणि घरमालक सुगावारांना समोर बोलावलं. म्हाताऱ्याने कडेला बूट काढले, जोडीने नीट लावून ठेवले आणि नुसत्या मोज्यांनी वर आला.

"आजोबा, जरा डावीकडे सरकता?"

"कसा सरकू? तिथे भिंत आहे."

ब्रायोनीने खाली पाहिलं. ती स्वतः चिखलाच्या बुटांनी उभी होती. ओशाळून ती नाड्या सोडायला वाकली.

"राहू दे, पोरी," सुगावारा म्हणाले. "बुटांवरून ओरडणारी त्या दिवशी घरातच होती."