उलट्या थांबल्यावर

“करा काय प्रयोग करायचे ते! यानं माझ्यावर कमी केलेत का?” तिने सही ठोकली आणि पेन टेबलावर आपटलं.

पलीकडे खाटेवर तिचा नवरा बादलीत ओकत होता. ट्रक ड्रायव्हर. मलेरिया विकोपाला गेला होता. डोळे पिवळेधमक, तापात काहीबाही बरळणं. भांडणांना विटून तिने केव्हाच घर सोडलं होतं. दवाखान्याला दुसरं कुणी सापडलं नाही, म्हणून ती आली होती.

तरुण डॉक्टरबाईने तिला नीट समजावलं होतं. मलेरियाचं औषध सगळ्यांनाच मिळणार. संशोधन आहे ते उलट्या थांबवणाऱ्या इंजेक्शनचं. काहींना ते, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय गेलं, ते खुद्द डॉक्टरलाही कळणार नाही.

इंजेक्शन दिलं. उलट्या थांबल्या. तो शांत पडला. डॉक्टरचा चेहरा खुलला.

“खरं औषधच गेलेलं दिसतंय,” डॉक्टरबाई नर्सला म्हणाली. “गुंगी येतेच त्याने. झोपू दे.”

बायकोला आयती संधी मिळाली. ती खाटेशी उभी राहिली आणि मनात साचलेलं सगळं ओकली. त्याची दारू काढली. नणंदेची कारस्थानं काढली. शेवटी सासूचा उद्धार केला. शेजारच्या रोग्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग ती मधेच थांबली.

“डॉक्टर, हा झोपलेला नाही.”

“अहो बाई, आता तरी त्यांना—”

“मी याच्या आईवर गेले! मेला असता तरी उठून बोलला असता हा. तुमचं औषध घाला चुलीत, आधी याला बघा!”

डॉक्टर चिडूनच आली. तिने त्याला हाक मारली, छाती चोळली, जोराने चिमटा काढला. हूं की चूं नाही. घाईघाईने बोटाला सुई टोचली. मलेरियाने रक्तातली साखर तळाला गेली होती; गुंगी औषधाची नव्हतीच.

“ग्लुकोज आणा! आणि यांना संशोधनातून बाहेर काढा!”

ग्लुकोज शिरेत गेलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पापण्या हलल्या. त्याने बायकोला ओळखलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आलीस... इथंही... कटकट करायला?”

तिने त्याचा हात घट्ट धरला.

“बोला,” ती म्हणाली. “थांबू नका.”