बटण किती उंच

बटणाची पेटी तिसऱ्यांदा काढायची वेळ आली, तेव्हा गफूर मिस्तरीने पाना खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "काकी, तुमले नक्की पाहिजे तरी काय?"

"अजून वर लाव," छबूबाई म्हणाली.

नावेच्या शेडमध्ये ती खांबाला टेकून उभी होती. पायाखाली फळ्या, फळ्यांखाली बॅरेजला अडून फुगलेलं तापीचं पाणी. वर लोखंडी गर्डरला नवी मोटर बसली होती आणि मोटरच्या दोन पट्ट्यांत पत्र्याची नाव पाण्यापासून हातभर वर लटकत होती. काम चोख झालं होतं. खोट काढायला जागा नव्हती, तरी सकाळपासून छबूबाई खोट काढत होती.

हे सगळं तिच्याचसाठी चाललं होतं. केळीचं वावर पलीकडच्या काठावर. पुलावरून वळसा घालायचा तर दीड तास, नावेने पाव तास. सत्तरीला आली तरी छबूबाई रोज एकटी वल्हं मारत जायची. पण मागचे दोन पावसाळे नाव भरून बुडाली आणि ती ओढून काढताना तिचे खांदे दुखावले. म्हणून तिच्या मुलाने, कारखान्यात नोकरीला असलेल्या नवनीतने, नाव उचलून ठेवायची सोय करायचं मनावर घेतलं.

गफूरने आधी हाताने ओढायची साखळीची कप्पी आणली होती. छबूबाईने ती एकदा ओढून बघितली आणि नाक मुरडलं. "हाई ते सोपी शे. नको."

अवघड म्हणून वस्तू परत करणारी गिऱ्हाइकं गफूरने शहाद्यात ढिगाने पाहिली होती. सोपी म्हणून परत करणारं हे पहिलंच. बरं, मोटर आणली. मोटरला हरकत नव्हती. हरकत होती खांबावरच्या, नाव खाली-वर करायच्या बटणाला. नवनीतने ते मायच्या छातीएवढ्या उंचीवर लावून घेतलं. तिने डोक्याएवढं करायला लावलं. मग आणखी वीतभर वर. आता आणखी वर.

"माय, उद्या तुन्हा हात पोचाव नही, मंग माले फोन करशी," नवनीत वैतागला. "मिस्तरी, तुम्हीच समजाडा. मी चहानं सांगी येस." आणि तो घराकडे निघून गेला.

लेकाला बटण खाली हवं, मायला वर. पैसे लेकाचे, नाव मायची. गफूरला दोघांचंही कळेना. म्हातारी वयाने हट्टी झाली, असं मनाशी ठरवून त्याने पुन्हा पाना उचलला.

छबूबाई जवळ आली. आधी तिने घराच्या वाटेकडे बघून घेतलं.

"गफूरभाई, मागला बुधवारले मी एकलीच नाव लिसन निंघनू. मधमा गऊ, आन तठेच थांबनू. दोन्ही काठ सारखाच दिसेत. घर कोणता काठले, वावर कोणता काठले, काहीच समजे ना. गोवालनी हाक मारी, तवय कोठे समजनं." गोवाल म्हणजे तिचा सालदार; घर याच काठाला, पण सकाळीच पुलावरून पलीकडे केळीत कामाला जाणारा.

"ऊन लागी ग्यं व्हई, काकी."

"पहिला डाव नही. तिसरा डाव शे."

सकाळपासून मनातल्या मनात या बाईला काय काय बोललो, ते गफूरला आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

"नवनीतभाऊले सांगं का?"

"त्याले सांगं ते तो माले नावमा बसूच देवाव नही. मंग मन्ही केळी मी काय या काठवरतीन देखू?" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "गोवाल नाव चलावी, मी बशी ऱ्हासू. पन एकली जावाले नको. मन्हाच मन्हावर भरोसा नही."

"मंग बटणले कुलूप लाई देस."

"कुलूप देखं ते नवनीत इचारी. उच्चं लाव. पुरनं पानी लागी म्हनीसन उच्चं लावं, असं सांग त्याले."

"एवढं उच्चं, ते गोवाल तरी कसं दाबी?"

"शिडीवर चढी. शिडी त्याना घर ऱ्हाई."

गफूर मोटर बसवायला आला होता. एका मायने लेकापासून लपवलेलं घेऊन परत जावं लागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. सांगावं तर तिचं वावर सुटतं, न सांगावं तर... त्याला पुढचा विचार करवेना. तो शिडीवर चढला.

"काकी, हात वर करा."

छबूबाईने खांबाला पाठ लावली आणि हात ताणला. तिच्या बोटांच्या वर चार बोटं सोडून गफूरने पेन्सिलने रेघ मारली. मान वळवून ती रेघेकडे बघत राहिली. मग कोपऱ्यातलं सिमेंटचं घमेलं तिने पायाने ओढत आणलं, खांबाशी पालथं घातलं आणि खांबाला धरून त्याच्यावर चढली.

"काकी, पडशात!"

तिची बोटं रेघ ओलांडून वीतभर वर गेली होती.

"मी आशी चढसू, गफूरभाई. माले माहीत शे मी कशी शे." टाचा उचलून तिने हात आणखी ताणला. "आते मार रेघ. याना वर."