धरलेली जागा

गेणूबाबांनी खांद्यावरचा लाल टॉवेल काढला, खिडकीजवळच्या सीटवर फेकला आणि विमानाच्या दाराकडं तोंड करून आरोळी ठोकली, "ये गं लवकर, जागा धरली!"

दारात कुसाबाई लुगडं सावरत उभ्या होत्या. त्यांच्यामागं नात हर्षाली. अख्खं विमान वळून बघायला लागलं आणि हर्षालीला वाटलं, धरणीमाय, पोटात घे.

म्हाताऱ्याचं तरी काय चुकलं? हरसूलच्या स्टँडवर जन्मभर त्यांनी एसटीत अशीच जागा धरली होती. टॉवेल बाहेरून, खिडकीतून आत टाकायचा. विमानाची खिडकी बाहेरून उघडेना, एवढीच काय ती अडचण. म्हणून गडी सगळ्यांना मागं सारून आधी जिना चढला होता.

चूक असलीच तर हर्षालीची होती. हैदराबादच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, आपलं घर दाखवायला ती आजी-आजोबांना ओझरहून विमानानं घेऊन निघाली. तिकीट काढताना मोबाइल एकेक विचारत गेला. खिडकी हवी? वेगळे पैसे. पाय पसरायला जागा हवी? वेगळे पैसे. चहा, खाणं, जास्तीची पिशवी, सगळ्याचे वेगळे. "श्वास तरी तिकिटात धरलाय का त्यांनी?" गेणूबाबांनी विचारलं होतं. हर्षालीनं वैतागून सगळ्यालाच नाही म्हटलं आणि त्या भरात खिडकीही गेली.

आणि आजीनं तर एवढंच मागितलं होतं. मला खिडकी दे, मला धरण बघायचंय.

कुसाबाई नवी नवरी होत्या तेव्हा सगळा पाडा धरणाच्या कामावर गेला होता. कितीतरी उन्हाळे त्यांनी डोक्यावरून मातीची घमेली वाहिली. "पाणी लांबवर जाईल, सोनं पिकेल," मुकादम म्हणायचा. भिंत पुरी व्हायच्या आत त्यानं सगळ्यांना घरी धाडलं. पाड्यावर पाणी काही आलं नाही. चैत्र लागला की कुसाबाई अजूनही हंडा घेऊन डोंगर उतरत. धरणाचा विषय निघाला की मात्र त्या एकच विचारत, "आपल्याकडं नाय आलं. मंग गेलं कुठं?" त्यात राग नसे. घरी निघालेला पाहुणा पोचलाच नाही की जीव लागून राहतो, तसं काहीतरी असे.

"आजोबा, ही सीट या सरांची आहे," हवाई सुंदरी म्हणाली. तिच्यामागं पांढऱ्या शर्टातला एक धिप्पाड माणूस उभा होता. "त्यांनी खिडकीचे एक्स्ट्रा पैसे भरलेत."

"पैशाचं ऱ्हाऊ द्या. टॉवेल आधी कोणाचा पडला, ते बघा ना!"

हर्षाली माफी मागायला पुढं झाली. त्या माणसानं हातातल्या पासकडं बघितलं, मग टॉवेलकडं, आणि तो गदगदून हसला.

"ताई, टॉवेल पडलाय. आता बोलायचं काय? आमच्या निफाडकडं टाकलेल्या टॉवेलला हात लावला, तर भांडण पार पोलीस पाटलापर्यंत जातं. बसा आजी."

नाव संतोष, द्राक्षबागाईतदार. तो कुसाबाईंच्या शेजारच्या सीटवर बसला. चार लोकांनी बघितलं होतं, त्यामुळं छाती जराशी फुगलेलीच होती. गेणूबाबा मागं बसले. हर्षाली पलीकडच्या बाजूला, मान वाकडी करून आजीकडं बघत.

विमान उठलं. कुसाबाईंनी डोळे गच्च मिटले होते, ते हळूच उघडले आणि त्या काचेला चिकटल्याच. घरं गेली, रस्ते गेले. डोंगर एका बाजूला कलले. आणि मग खाली ते आलं.

"आगं माय माय माय!"

हर्षालीलाही तिथून दिसलं. भिंत एवढीशी. तिच्यामागं पाणी, नुसतं पाणी, डोंगरांच्या पार कुशीत शिरलेलं. ऊन पडलेलं. तिच्याही अंगावर सरसरून काटा आला. कुसाबाईंनी काचेवर बोट टेकवलं, तर त्या बोटाआड सगळी भिंत झाकली गेली. त्यांनी बोट काढलं, पुन्हा टेकवलं.

"केवढं हे पानी! मी तर निस्ती माती बघितली होती," त्या पुटपुटल्या. मग शेजाऱ्याकडं वळल्या. "भाऊ, हे समदं जातं कुठं?"

संतोष त्यांच्या खांद्यावरून पुढं वाकला. "ती चकाकती रेघ दिसते का? तो पाट. त्याच्या कडंनं हिरवंगार दिसतंय, ते आमचं शिवार. वडलांच्या वेळी नुसतं माळरान होतं, कुसळं उगवायची. आता माझी बाग, घर, पोरीचं कॉलेज, अहो, हे विमानाचं तिकीटसुद्धा त्याच पाण्याचं."

कुसाबाईंनी खालचं हिरवं बघितलं. मग त्याला बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"हर्षे, पोचलं गं! पानी पोचलं!" डोळ्यांना धार लागली होती आणि म्हातारी हसत होती.

संतोष गोंधळला. "काय म्हणतात आजी?"

"ती भिंत," हर्षालीनं सांगितलं, "आजीनं तिथं माती वाहिलीय. आमचा सगळा पाडा होता कामाला."

"मग तुमच्याकडं आता बागाईत असेल."

"उन्हाळ्यात टँकर येतो. आला तर."

कुसाबाई पुन्हा काचेकडं वळल्या होत्या, ते हिरवं मागं पडेपर्यंत. लाल टॉवेल घसरून खाली पडला होता. संतोषनं तो उचलला, झटकला, आणि घडी घालून दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवला.

"जागा तुमचीच होती, आजी," तो म्हणाला.