माईंचं नाक

मुलानं खिशातून गॅसचा रेग्युलेटर काढला आणि मेनूकार्डाशेजारी टेबलावर ठेवला.

"आई, अजून विचार कर. हरलीस तर सामान बांधायचं आणि आमच्याकडे राहायला यायचं."

"आणि जिंकले तर हा परत माझ्या सिलिंडरला," माई म्हणाल्या. "उचल तो टेबलावरून. दुकान नवीन आहे, लोकांना वाटेल इथे गॅस मिळतो."

सून हसली. मुलगा हसला नाही.

गेल्या आठवड्यात माईंच्या घरी दूध उतू जाऊन आच विझली होती आणि माई शेजारच्या खुर्चीत निवांत पेपर वाचत होत्या. गॅसचा वास आला तो शेजारणीला. तिनं दार ठोठावलं म्हणून निभावलं. माईंचं म्हणणं, डुलकी लागली होती. मुलाचं म्हणणं, तुझं नाक गेलंय, तू एकटी राहायची नाहीस. हे त्यानं कुणाला सांगावं? जिनं उभी हयात रुग्णालयाचं स्वयंपाकघर चालवलं, आणि झाकण न उघडता आमटी आंबल्याचं सांगितलं, तिला!

आज सकाळी त्यानं येऊन रेग्युलेटर काढला आणि खिशात घातला. माईंनी थयथयाट केला. शेगडीची दोन्ही बटणं टोकापर्यंत फिरवली आणि लायटर कटाकटा वाजवून दाखवला. "बघ! मारलीस माझी शेगडी!" ओट्याखाली मनी मांजर पसरलं होतं. ते दिवसभर तिथून हलत नसे, या तमाशालाही हललं नाही. माईंनी सगळं तसंच टाकून त्याच तिरीमिरीत चपला घातल्या. "समोर ते इटालियन सँडविचचं दुकान उघडलंय ना, चल तिथे. डोळे बांध माझे आणि घे परीक्षा."

आता सुनेनं आपला स्कार्फ त्यांच्या डोळ्यांवर बांधला.

"घट्ट बांध गं. नंतर म्हणेल, फटीतून पाहिलं."

"चारही प्रकार हवेत ना?" दुकानातल्या पोरीनं विचारलं. "फळ्यावर आहेत तसे आणते."

"आण कसेही," मुलगा म्हणाला.

पहिली बशी आली. माईंनी पाव दाबून पाहिला. वरून कडक, आत जाळीदार. बोटांना तेल लागलं. त्यांनी सँडविच नाकाशी नेलं, भुवया उंचावल्या आणि घास घेतला.

"टोमॅटो. ओलं चीज. आणि बेझिल, आपल्या तुळशीची परदेशी चुलतबहीण."

"बरोबर!" पोरगी ओरडली.

"हे कुणीही सांगेल," मुलगा पुटपुटला.

मग टेबलावर बशा सरकल्याचा आवाज झाला. एक गेली, दुसरी आली. सून "अहो" म्हणाली आणि गप्प झाली.

हा घास माईंनी बराच वेळ घोळवला. मुलगा खुर्चीत पुढे सरकला.

"वांगं," त्या म्हणाल्या. "भाजलेलं. आणि आता जी बशी देशील, त्यात मशरूम. आईशी लबाडी करतोस? बशा का बदलल्यास?"

"तुला कसं कळलं?"

"नाक आहे मला."

"वांग्यात लसूण आहे की नाही, ते सांग."

"आहे. भाजून ठेचलेली."

पोरीनं टाळ्या वाजवल्या. मशरूम त्यांनी एका घासात ओळखलं. चौथ्यातले ऑलिव्ह आणि सुकवलेले टोमॅटो सांगताना त्या जांभई देत होत्या. मग स्कार्फ ओढून काढला आणि उरलेलं वांग्याचं सँडविच पुढ्यात घेतलं.

"पाव झकास आहे. कुरकुरतो. चीजला मीठ कमी आहे, सांग तुझ्या मालकाला." मग त्यांनी मुलापुढे हात पसरला. "आण."

त्यानं रेग्युलेटर त्यांच्या हातावर ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता. "चुकलं माझं, आई. चल, वर येऊन लावून देतो."

"हात लावायचा नाही! माझं सिलिंडर, माझं घर. तुम्ही दोघं खा आरामात. पैसे तू देणार आहेस."

घरी आल्यावर माईंनी आधी रेग्युलेटर बसवला, चावी फिरवली. रस्त्यावरची धूळ येत होती म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन धाकट्या बहिणीला फोन लावला.

"जिंकले गं! तोंड बघायला हवं होतंस त्याचं."

"पण ताई, तुला खरंच वास आला?"

"कसला वास! मागच्या तापात नाक गेलं ते गेलंच. बेझिल म्हणून कागदाचा बोळा दिला असता तरी चावला असता मी. अगं, गेला आठवडाभर रोज दुपारी त्या दुकानात जाऊन बसत होते. फळ्यावरची नावं आणि कशात काय घालतात, सगळं त्या पोरीनं पढवलं. गाढवानं बशा बदलल्या, पण वांगं दाताखाली विरघळतं, मशरूम चिवट लागतं. दाताला कोण फसवणार?"

"आणि गॅस गं?"

"डोळे शाबूत आहेत माझे. आच पेटली की दिसते, विझली की दिसत नाही. नाक लागतंय कशाला?"

बहीण पुढे बरंच बोलली, माई त्याहून बरंच बोलल्या. फोन ठेवला तेव्हा घसा सुकला होता. विजयाचा चहा तर व्हायलाच हवा होता.

ओट्याखाली मनी नव्हती. ती बाहेरच्या दाराशी होती, दोन्ही पंजांनी दार ओरबाडत, गळा काढून ओरडत.

"तूही त्याच्याच बाजूची का?" माई हसल्या. "जा, त्याच्याकडेच राहा. मी कुठेही जाणार नाही."

त्यांनी पाण्याचं आधण शेगडीवर ठेवलं आणि ऐटीत लायटर उचलला.