भिंतीची पलीकडची बाजू

बागस्पर्धेच्या परीक्षकबाईंनी माझ्या फायकसच्या झाडांच्या भिंतीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, “शाब्बास! लोक फांद्या वळवायला तार बांधतात आणि विसरून जातात. खोड वाढलं की ती सालीत रुतते नि झाड वाळतं. तुम्ही सुती चिंध्या बांधल्यात. दरवर्षी सैल करत असणार!”

मी हसून मान डोलावली. त्यांनी तिथंच पहिला नंबर जाहीर केला, करंडक हातात दिला.

मी तर तारच बांधली होती. सात वर्षांपूर्वी शेजारच्या थोरल्या जाऊबाईंशी भांडण झालं, तेव्हा त्यांचं तोंड दिसू नये म्हणून मध्ये ही झाडं लावली आणि आवळून एकमेकांत गुंतवली, माझ्या फाटकावर त्यांची कमानही वळवली. पुढे माझ्या बाजूनं नुसती कात्री चालवली. आत कधी डोकावलेच नाही.

सगळे गेल्यावर पानं बाजूला सारली. चिंधीवर निळी फुलं होती. आमच्या वास्तुशांतीला जाऊबाईंना ही साडी मीच घेतली होती.

करंडक पदराखाली झाकून मी त्यांच्या फाटकातून आत गेले. त्या स्टुलावर उभ्या राहून एक गाठ सैल करत होत्या.

“आलीस ते बरं झालं,” मागे न बघताच त्या म्हणाल्या. “तुझ्या कमानीवरच्या दोन तारा काढायच्या राहिल्यात बघ. इकडून माझा हात पुरत नाही.”